टाळीची सवय

माझ्या बायकोला टाळ्या वाजवायची खोड होती. कोणी काही काम पुरं केलं की वाजवायची. मी चहा पिऊन कप मोरीत ठेवला तरी दोन टाळ्या. मी म्हणायचो, "अगं, मी काय तुझ्या शाळेतला आहे काय?" ती म्हणायची, "त्यांच्यापेक्षा गेलेले आहात. ते कप विसळून ठेवतात."

तिची शाळा जबलपुरात, नेपियर टाउनमध्ये. ज्या पोरांचं डोकं, कान नाहीतर हातपाय नीट चालत नाहीत त्यांची शाळा. बोर्डावर 'विशेष' असं लिहिलं आहे. आमच्या कांचघर मोहल्ल्यात लोक दुसरा शब्द वापरतात, तो तुम्हाला ठाऊक आहे, मी लिहीत नाही. बायको तिथं आया म्हणून लागली आणि पुढं मोठ्या पोरांच्या वर्गात, नववी ते बारावीच्या, मदतनीस झाली. त्या वर्गाचं काम एकच. शाळा सुटली की ही पोरं घरात सडू नयेत म्हणून त्यांना कुठल्यातरी नोकरीजोगं करायचं. चादरींच्या घड्या, जेवणाचे ट्रे लावणं, डबे भरणं, फरशी पुसणं.

तिची रीत अशी की एकाचं काम पुरं झालं की सगळ्या वर्गानं हातातलं सोडून टाळ्या वाजवायच्या. टाळी वाजली की पुढचं काम घ्यायचं. टाळी नाही तर पुढचं काम नाही. अशी कित्येक वर्षं तिनं पोरं तयार केली.

मग ती मेली. लोक 'गेली' म्हणतात. गेली म्हणजे कुठं गेली, बाजारात? मेली. छातीत पाणी झालं, दवाखान्यात नेलं, आणि ज्या पलंगावर ठेवलं त्याच पलंगावरून खाली घेतलं. पोरगा हैदराबादहून आला, तेरावं केलं, परत गेला. मी घरात बसून होतो. तिचा डोकं पुसायचा पंचा दोरीवर तसाच होता. मी तो काढत नव्हतो आणि त्याच्याकडे पाहतही नव्हतो.

शाळेतून त्या वर्गाच्या मॅडमचा फोन आला. ही मॅडम पुण्याची, नवरा आर्मीत, बदलीवर जबलपूरला आलेली. मराठी अशी धुतलेली की मी 'करून राहिलो' म्हटलं की गालात हसायची. म्हणाली, "काका, तुम्ही फॅक्टरीत पॅकिंगला होतात ना? नवं माणूस मिळेपर्यंत याल का?" मी चौथी शिकलेला माणूस. पण पेटी कशी भरायची ते मला कोणी शिकवायला नको. गेलो.

कोणाला वाटेल, म्हाताऱ्याला पोरांची दया आली. मुळीच नाही. मला ती पोरं आवडत नव्हती. माझ्या बायकोचा सगळा जीव त्यांनी खाल्ला आणि उरलेलं टरफल संध्याकाळी माझ्याकडे यायचं. अजूनही मला तसंच वाटतं.

त्या वर्गात एक पोरगी होती, माझ्याच गल्लीतली. बारावीत बसवली होती, वयानं. जन्मापासून मंद. चेहरा गोल, बोटं आखूड, जीभ जड. पण चादरीची घडी अशी घालायची की कोणी इस्त्रीवाला काय घालेल. चादर हनुवटीखाली दाबायची, कडेला कड लावायची आणि छातीवरून हात फिरवत खाली यायची. बायकोनं तिच्यावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती.

पोरीला बाप नव्हता. आई चार घरचे डबे करायची आणि तिचे गुडघे गेले होते. जबलपूरजवळच्या पाटण गावी पोरीचा मोठा भाऊ, त्याचा धान्याचा आणि मटारचा धंदा. तो आईला नेतो म्हणत होता, पण त्याची बायको म्हणायची, सासूबाई आल्या तर चालेल, ही नको. मागच्या दिवाळीला दोघी गेल्या तर पाहुणे आल्यावर भावजयीनं पोरीला पोत्यांच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. पाहुणे गेले तरी कडी काढायची कोणाला आठवण नाही. आई रडत मला सांगत होती. "भाऊजी, शाळा मार्चात संपते. माझे पाय तर आत्ताच संपले. हिला कुठं काम लागलं तर आम्ही दोघी इथंच दिवस काढू. नाही लागलं तर ती पोत्यांची खोली आहेच."

सगळी गोष्ट एवढीच होती. काम लागलं तर कांचघर, नाही लागलं तर पाटण.

दिवाळीनंतर मॅडमनं एक लॉन्ड्री शोधली. जवळच, डॉक्टरांच्या दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी. मालक म्हणाला, आणा, पाहू. शाळेतर्फे सोबत मी गेलो. आत वाफ, ओल्या कापडाचा वास, लांब टेबल आणि टेबलाभोवती बाया. पोरीला स्टुलावर बसवलं. तिनं पहिली चादर घेतली, घडी घातली, टेबलावर ठेवली. इस्त्रीवाला म्हणाला, "वाह भाई, ये तो पुराने हाथ हैं."

पोरीनं हात मांडीवर ठेवले आणि वर पाहिलं.

"अगली उठाओ, बेटा," एक बाई म्हणाली.

पोरगी हसली. हात मांडीवरच.

"बहरी है क्या, दादा?" बाईनं मला विचारलं.

"नाही. टाळी वाजवा, मग उचलेल."

इस्त्रीवाला एवढा हसला की इस्त्री कापडावर राहिली. मग त्यांनी वाजवल्या. पोरीनं दुसरी चादर उचलली. पुन्हा वाजवल्या, तिसरी. दुपारपर्यंत सगळ्या लॉन्ड्रीचा तमाशा झाला. "रानी साहिबा के लिए तालियाँ!" एकानं शिटी मारली. एकानं मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि तिथल्या तिथं कोणाकोणाला पाठवला. पोरगी उठून त्यांना वाकून नमस्कार करायची, की अजून हशा. मी कोपऱ्यात उभा होतो. तिला हे सगळं प्रेम वाटत होतं. घरी जाऊन आईला म्हणाली, "तिथं सगळे काकू आहेत."

काकू म्हणजे माझी बायको.

दुसऱ्या दिवशी गंमत शिळी झाली. टाळ्या वाजवायला कोणी मोकळं नव्हतं. पोरीनं पहिली चादर घडी करून ठेवली आणि बसली ती बसली. जेवणाची सुट्टी झाली तरी तीच एक चादर समोर. मालकानं मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, कामाचा होता. म्हणाला, "हाथ अच्छा है. लेकिन हर चादर पे जलसा कौन करेगा? आदत छुड़ाओ, फिर लाओ. न छूटे तो मत लाना."

शाळेत मॅडमला सांगितलं. तिनं वही-बिही काढली नाही, नीट ऐकलं. मग म्हणाली, "काका, टाळी तिला बक्षीस नाही. काम संपलं हे तिला टाळीनंच कळतं. ती काढायची तर त्या जागी दुसरं काहीतरी ठेवावं लागेल. टोपली भरली की थांब, घंटी वाजली की ऊठ, असं काहीतरी. आणि हळूहळू काढावं लागेल. आधी दोन घड्यांना एक टाळी, मग चारांना एक."

"हळूहळू म्हणजे किती?"

"सहा महिने धरा."

"शाळा मार्चात संपून राहिली, मॅडम. तिच्या भावजयीला सांगा, सहा महिने धरा म्हणून."

"घाईनं केलं तर ती मोडेल, काका."

"लॉन्ड्रीत मोडण्यापेक्षा इथं मोडू दे."

आठवडाभरानं मॅडमच्या आईचं पुण्याला ऑपरेशन निघालं आणि ती रजेवर गेली. वर्ग माझ्या हातात आला. मी हळूहळू काही केलं नाही.

पहिल्या दिवशी बाकीच्या पोरांना भिंतीकडे तोंड करून डबे भरायला बसवलं आणि सांगितलं, ज्यानं टाळी वाजवली त्याला आज पोहे नाहीत. पोह्यांपुढं ती पोरं देवालाही विकतील. पोरीला चादरी दिल्या. तिनं घडी घातली, ठेवली, वर पाहिलं. मी ती घडी उचलली, झटकून पूर्ण उलगडली आणि तिच्या अंगावर टाकली. "परत."

तिला वाटलं चुकलं. परत घातली. ठेवून वर पाहिलं. मी परत उलगडली. चादर ठेवल्या ठेवल्या जर हात दुसरीकडे गेला तर घडी वाचायची. थांबली की मोडायची. फॅक्टरीत आम्हाला असंच शिकवलं होतं. खिळा वाकडा बसला की उस्ताद सगळी पेटी उपटायचा. आम्ही शिकलो. आम्हाला काय टाळ्या वाजवल्या होत्या कोणी?

ती रडली. नाक गळून चादर ओली झाली तर मी कोरडी दिली. दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन बसली, बाहेर ये म्हटलं तर आतून म्हणे, "पोट." मी दाराशी स्टूल टाकून बसलो. एवढा वेळ बसलो की कंटाळून तीच बाहेर आली. मग तिनं नवी युक्ती काढली. घडी ठेवायची आणि स्वतःच स्वतःला टाळ्या वाजवायच्या. आणि हसायचं, कशी जिरवली म्हणून.

मी तिचे दोन्ही हात मनगटाला धरले.

"सोडा, काकाजी."

"टाळी नाही."

"काकू आली की वाजवेल."

शाळेनं सगळ्या पोरांना सांगितलं होतं की काकू गावाला गेली. मलाही बजावलं होतं, तेवढंच सांगा.

"काकू मेली," मी म्हणालो.

"गावाला गेली."

"गावाला कशाची जाते? मेली. मी जाळली तिला ग्वारीघाटावर. या हातांनी."

ती माझ्या हातांकडे पाहत राहिली. तिचे हात त्यातच होते.

"काहून जाळली?"

"मेली म्हणून."

"मग कधी येईल?"

"मेलेलं माणूस येत नाही."

"अच्छा," ती म्हणाली. मग म्हणाली, "सोडा, चादर करायची आहे."

मी सोडलं. तिनं घडी घातली, ठेवली आणि दुसरी उचलली. वर पाहिलं नाही. तिसरी उचलली. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या पोरांचे हात थांबले होते, सगळ्यांनी ऐकलं होतं. एकानं विचारलं, "काकाजी, पोहे आहेत ना?"

खोटं काहून बोलू, मला बरं वाटलं. बायको मेल्यापासून मी हे कोणाला तोंडावर सांगितलं नव्हतं. भेटायला येणाऱ्यांनीच मला सांगितलं होतं, वारंवार, डोळे पुसत. 'सुटली बिचारी', 'नशीबवान, सवाष्ण गेली'. या पोरीनं फक्त विचारलं, काहून जाळली.

त्यानंतर ती जो दिसेल त्याला सांगायची. भाजीवाल्याला, ऑटोवाल्या भैयाला. "काकू मेली. टाळी नाही." पत्ता सांगावा तसं. गल्लीतल्या बाया मला म्हणाल्या, "काय हो भाऊजी, लेकराला असं सांगतात?" मी म्हणालो, "मग तुम्ही या वाजवायला, रोज, नेपियर टाउनला." कोणी आलं नाही.

मॅडम परत यायच्या आत मी तिला लॉन्ड्रीत घेऊन गेलो. इस्त्रीवाल्यानं तिला पाहिलं आणि जोरात टाळी दिली. तिनं मान वर केली नाही. चादर, घडी, ढीग, चादर. तो दोनतीनदा वाजवून गप्प झाला. मालक येऊन मागं उभा राहिला, बराच वेळ पाहत राहिला. संध्याकाळी मला म्हणाला, "ऐसी दो और हों तो ले आओ, दादा."

काम लागलं. आईनं माझ्या पायांना हात लावायला वाकायचा प्रयत्न केला, गुडघ्यांनी वाकू दिलं नाही, मीच धरलं. शिरा करून आणला. मी तो बायकोच्या ताटलीत खाल्ला.

मग हळूहळू बाकीचं कळायला लागलं. सुट्टीत सगळे जेवायला उठतात, ही उठत नाही. डबा तसाच परत येतो. पाणी पीत नाही. आई एक दिवस दाराशी येऊन खाली पाहून म्हणाली, "भाऊजी, तिची सलवार रोज ओली येऊन राहिली. पूर्वी असं नव्हतं." तिथं तिला कोणी 'जा' म्हणत नव्हतं. काहून म्हणतील? बोटांच्या पेरांना सोड्यानं भेगा पडल्या होत्या. घरीसुद्धा हात थांबत नव्हते. दुपारी आई लवंडली की तिच्या अंगाखालची चादर ओढायची, घडी घालायची. दोरीवरचे ओले कपडे काढून ओल्याच घड्या. पेपरवाल्यानं पेपर टाकला की त्याची एवढी बारीक घडी करायची की पुढं ती होतच नाही.

मॅडम परत आली. आधी लॉन्ड्रीत गेली. तिथं मालकाशी भांडण. मालक म्हणाला, "मैंने बाँध के रखा है क्या, मैडम? अपनी मर्ज़ी से बैठी है." मग माझ्याकडे आली, वर्गात, पोरांसमोर.

"काका, काम तिला आधीच येत होतं. तुम्ही तिचं थांबणं काढून घेतलंत."

"काम लागलं की नाही?"

"हे काम लागणं नाही."

"मग पाटणची खोली काय आहे, मॅडम? तुमच्या पुस्तकात तिला काय म्हणतात?"

तिचे डोळे भरले. मी डबे मोजायला घेतले. ती दुसऱ्या दिवशीपासून शाळा सुटल्यावर लॉन्ड्रीत जाऊन बसायला लागली, एक छोटी घंटी घेऊन. घंटी वाजली की हात धरून उठवायची, नळावर न्यायची, डबा उघडून द्यायची. सात-आठ दिवसांत पोरगी घंटीला मान वळवायला लागली होती, एवढं मी स्वतः पाहिलं. उठत नव्हती, पण मान वळत होती. मॅडमची रीत चालली असती. आणखी वेळ हवा होता.

संक्रांतीला पाटणचा भाऊ आला. तिळाचे लाडू आणि पोतंभर मटार घेऊन. आमच्याकडे त्या दिवसांत ज्याच्या-त्याच्या अंगणात मटार सोलणं चालू असतं. आईनं टोपली भरून पोरीसमोर ठेवली, सहज, हाताला काहीतरी म्हणून. मी तिथंच खुर्चीवर बसलो होतो. भाऊ मोबाईलवर बोलत होता. टोपली रिकामी झाली. आईनं दुसरी भरली. तीही झाली. भावानं फोन खिशात टाकला आणि पोतंच तिच्यासमोर उलटं केलं. मग उकिडवा बसला आणि पाहत राहिला. बाजारात बैलाच्या तोंडात हात घालून दात पाहतात, तसं नाही, त्यापेक्षा प्रेमानं. पहिल्यांदा बहीण सापडल्यासारखं.

पोतं संपलं तर ती रिकाम्या शेंगा परत उघडून पाहायला लागली.

"आई," तो म्हणाला, "हिला काहून इथं परक्यांच्यात ठेवली? सीझनला मला सोलायला माणूस मिळत नाही. बाया येतात, अर्धा दिवस गप्पा, अर्धा दिवस चहा. घरचं माणूस असताना!"

"सूनबाई?" आईनं विचारलं.

त्यानं तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. भावजय म्हणाली, "आणा ना दोघींना. आपलंच लेकरू आहे. मी काय कधी नाही म्हटलं?"

दुसऱ्या दिवशी मी आईकडे गेलो. म्हणालो, "वहिनी, पाठवू नका. लॉन्ड्री आहे. मॅडम घंटी घेऊन बसून राहिली."

"मॅडमची बदली झाली की?" ती म्हणाली. "भाऊजी, रागावू नका. लॉन्ड्रीतही ती बसूनच असते, तिकडेही बसेल. तिकडे निदान रक्ताचे लोक आहेत. मी मेल्यावर तिला कोणी काढणार नाही आता. काढतील कशाला? कामाची झाली ना." आणि असं म्हणताना ती खरंच सुखात होती. रात्रभर पाय शेकून ज्याची वाट पाहिली ते तिला मिळालं होतं. मी तिला काय सांगणार होतो? हेच तर मी करून दिलं होतं.

निघायच्या दिवशी भाऊ गाडी घेऊन आला. सामान भरून माझ्या दाराशी आला आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"काकाजी, मानलं तुम्हाला. आम्हाला वीस वर्षांत जमलं नाही. एक सांगून ठेवा, हिला सुरू कसं करायचं?"

"समोर ठेवायचं."

"बस? आणि थांबवायचं असलं तर?"

"समोरचं काढून घ्यायचं. आणि पाणी तुम्हीच द्यायचं. बाथरूमला तुम्हीच न्यायचं. ती उठणार नाही. ऐकून राहिला ना?"

तो हसला. "सीझनमध्ये समोरचं कधी संपतं का, काकाजी!"

मी गाडीपर्यंत गेलो. पोरगी मागच्या सीटवर खिडकीशी बसली होती, मांडीवर आईची शाल. हात शालीवर चालू होते.

"काकाजी, पाटणला लॉन्ड्री आहे?"

"नाही. मटार आहे."

"अच्छा," ती म्हणाली. "मग चला लवकर."